भिंतीला कान असतात, बिलही असतं

पैसे दिले की विषय संपला, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याचं कॅलिफोर्नियात घर नसणार. माझं आहे. कागदोपत्री ते माझं आणि बँकेचं मिळून आहे, आणि मध्यंतरी काही काळ ते माझं, बँकेचं आणि एका टाइलवाल्याचं होतं. या तिसऱ्या भागीदाराला मी बोलावलं नव्हतं. त्यानं आपणहून काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीत जाऊन माझ्या घरावर आपला बोजा चढवला. गावाकडे सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज चढतं, तसा. घर माझं, हप्ते माझे, कॉन्ट्रॅक्टरचे पैसेही मी पूर्ण चुकते केलेले, आणि तरी त्याला तसं करायचा अधिकार होता. इकडच्या महाराष्ट्र मंडळात ज्याला ज्याला ही हकिगत सांगितली तो आधी "छे, शक्यच नाही" म्हणाला आणि मग खालच्या आवाजात बायकोला विचारू लागला, "आपल्या बाथरूमचं काम नक्की कुणी केलं होतं गं?"

घराचं काम काढणाऱ्या मराठी माणसांना मी आजवर पुष्कळ सल्ला दिला आहे. काहींनी तो मागितलाही होता. कॉन्ट्रॅक्टरचा परवाना राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून तपासावा. त्याचा २५,००० डॉलरचा बाँड चालू आहे ना ते बघावं. आगाऊ म्हणून तो १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांत जे कमी असेल त्याहून जास्त मागू शकत नाही, हे त्याला पहिल्याच भेटीत ऐकवावं. म्हणजे गाठ कुणाशी आहे ते समोरच्याला कळतं. स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम नव्यानं करायच्या ठरल्या तेव्हा मी हे सगळं यथासांग केलं. कॉन्ट्रॅक्टर भला माणूस होता. मी कायदा सांगत असताना तो मान डोलावत राहिला आणि माझं संपल्यावर त्यानं करार पुढे ठेवला.

त्या करारात एक मजकूर ठळक छापलेला होता. घरदुरुस्तीच्या करारात तो छापण्याची कॅलिफोर्नियात सक्तीच आहे. तुमच्या घरावर राबलेल्या कुणालाही त्याचे पैसे मिळाले नाहीत तर तो घरावर मेकॅनिक्स लीन नोंदवू शकतो. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे दिले असलेत तरी नोंदवू शकतो. आणि प्रकरण ताणलं तर कोर्ट घर विकायला काढू शकतं. यातून वाचायचं कसं, तेही खाली लिहिलेलं होतं. मी तिथं सही केली तेव्हा माझं सगळं लक्ष पुढच्या पानावर, ओट्याच्या दगडाच्या दराकडे होतं. तो दर मी चौरस फुटामागे दोन डॉलरनं खाली आणला. त्या संध्याकाळी आमच्याकडे श्रीखंड होतं.

काम सुरू झालं आणि पोस्टमन दाराला सर्टिफाइड पत्राची चिठ्ठी चिकटवून गेला. इथं वडिलांची शिकवण कामी आली. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रजिस्टर्ड पोस्टाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: चांगली बातमी सही मागत नाही. सही मागणारं पत्र घ्यायचं नाही. मालक गावाला गेलेत, असं मालकानंच दारात येऊन सांगायचं. नीट पत्ता घालून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरायची तरतूद भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे, पण आमच्या आळीत ती बातमी अजून पोचलेली नाही. मी ती चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली लावली आणि मुदत संपून पत्र परत जाईपर्यंत रोज तिच्याकडे समाधानानं बघत राहिलो.

परत गेलेल्या त्या पाकिटात टाइलवाल्याची प्राथमिक नोटीस होती. कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्यानं काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकाला ती द्यायची असते. तिच्यात भांडण काही नसतं. मी अमुक माणूस तुमच्या घरी तमुक काम करतोय, अंदाजे एवढ्या रकमेचं आहे, माझ्याकडे लक्ष असू द्या, एवढाच निरोप. ज्याचा मालकाशी करार नाही अशा माणसानं ही नोटीस वेळेवर दिली नाही तर त्याचा बोजाचा हक्क जातो किंवा आक्रसतो. माझ्या टाइलवाल्यानं वेळेवर दिली होती. आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नोटीस टपालात पडली की दिली गेली. घेणारा घरी आहे, गावाला गेलाय की पडद्याआडून पोस्टमनची पाठ वळायची वाट बघतोय, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

टाइलवाल्याशी माझं छान जमलं होतं. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. सकाळी यायचा, रेडिओवर स्पॅनिश गाणी लावायचा आणि गुडघ्यांना पॅड बांधून कामाला बसायचा. प्रत्येक टाइल लावायच्या आधी पालथी करून बघायचा, मसाला दातेरी थापीनं एकाच दिशेनं ओढायचा आणि टाइल बसली की बोटाच्या पेरानं कड चाचपायचा. मी घरून काम करत असल्यामुळे देखरेखीला मोकळा होतो. मीटिंगा म्यूट करून मी बाथरूमच्या दारात उभा राहत असे. माणसाला हुरूप यावा म्हणून कॉफी देत असे, आणि कलेची जाण असल्यामुळे अधूनमधून सूचनाही करत असे. "आलाच आहात तर ही टाइल छतापर्यंत जाऊ द्या", "इथं शांपूसाठी कोनाडा छान दिसेल", "मग तिथंही एक हवा, नाही का?" तो मान हलवायचा, फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. मी उलट अंगठा पाठवायचो. आमच्यात शब्दांची गरज उरली नव्हती.

काम देखणं झालं. मी कॉन्ट्रॅक्टरला शेवटचा चेक दिला, मित्रमंडळींना जेवायला बोलावलं आणि येईल त्याला आधी बाथरूम दाखवली. पुढे व्याजाचे दर जरा उतरले म्हणून कर्ज नव्यानं बांधून घ्यायला बँकेत अर्ज टाकला. चार दिवसांनी टायटल कंपनीच्या बाईचा फोन आला. आवाज अतिशय गोड. "तुमच्या मालमत्तेवर ४,८०० डॉलरचा मेकॅनिक्स लीन नोंदलेला आहे. तो निघाल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. तुम्हाला टपालानं प्रत आली असेलच." फ्रीजवर त्या दिवशी आणखी एक चिठ्ठी होती. दोन चुंबकांखाली.

मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो म्हणाला, त्याचं काम खराब आहे, कडा वरखाली आहेत, म्हणून मी त्याचे पैसे अडवलेत. टाइलवाल्याला लावला. तो म्हणाला, भिंतच वाकडी होती, ती सरळ करण्यात माझा मसाला आणि दिवस गेला, वर जास्तीचं काम केलं ते वेगळंच. दोघांनीही माझ्याशी फार आदरानं बोलून एकमेकांचा उद्धार केला आणि घर माझंच अडकलेलं राहिलं.

मग मी वकिलाचा एक तास विकत घेतला. त्या तासाच्या पैशांत टाइलवाल्याचं निम्मं देणं फिटलं असतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता. वकील म्हणाला, हा हक्क काही परवाचा नाही. १७९१ साली पोटोमॅक नदीकाठी नवी राजधानी उभारायची होती. कारागिरांनी उधारीवर घरं बांधावीत यासाठी त्यांना काही हमी हवी होती. जेफरसन आणि मॅडिसन यांनी उचलून धरलं आणि मेरिलँडच्या विधिमंडळानं कायदा केला, की बांधणाऱ्याचे पैसे राहिले तर ते त्या घरावर आणि जमिनीवर वसूल व्हावेत. हा जेफरसन म्हणजे माँटिसेलोचं आपलं घर चाळीस वर्षं बांधत, पाडत आणि पुन्हा बांधत बसलेला गृहस्थ. १८२६ साली तो वारला तेव्हा अंगावर एक लाख डॉलरच्या वर कर्ज होतं आणि वारसांना ते घर विकावं लागलं. बांधकामातलं देणं कुठवर जातं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कॅलिफोर्नियानं तर हा हक्क १८७९ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवला. मजूर, कारागीर, माल पुरवणारा, सगळे त्यात आले. म्हणजे मी ज्याला कॉफी देत होतो त्याच्या पाठीशी राज्यघटना उभी होती आणि माझ्या पाठीशी फक्त ओव्हन.

"यातून सुटायचं कसं?" मी विचारलं.

मार्ग बरेच होते. लीनच्या सव्वापट रकमेचा बाँड भरला की घर मोकळं होतं आणि भांडण बाँडवर जातं. म्हणजे ४,८०० साठी ६,००० चा बाँड. दुसरा, नुसतं थांबायचं. लीन नोंदल्यापासून ९० दिवसांत त्यानं वसुलीचा दावा लावला नाही तर तो लीन निकामी होतो. हा मार्ग माझ्या रक्तातला होता. काहीही न करता ९० दिवस काढणं मला सहज जमलं असतं. पण वकील म्हणाला, प्राथमिक नोटीस वेळेवर देणारा माणूस दावाही वेळेवर लावतो, आणि तोवर तुमचा व्याजाचा दर गेलेला असेल. शिवाय, चष्मा पुसत त्यानं विचारलं, त्याला तुम्ही स्वतः तर काही जास्तीचं सांगितलं नव्हतं ना? कारण मालकानं थेट सांगितलेलं काम म्हटलं की नोटिशीचाही मुद्दा उरत नाही.

"छे," मी म्हणालो. आणि तास संपला.

आता दिलासा देईल असा एकच माणूस होता, तो म्हणजे पुण्यातला मेहुणा. तो टाइलच्या धंद्यात. मोठ्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली फ्लोअरिंग आणि डॅडोची कामं घेतो, पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणतात तसा. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची बाथरूमही त्यानंच केली होती. घरचं काम. हिशेब काय, बघू नंतर. या क्षेत्रातला जाणकार आणि पुन्हा आपला माणूस, म्हणून मी त्याला व्हिडिओ कॉल करून सगळी रामकहाणी ऐकवली.

"थांबा दाजी. म्हणजे टाइलवाल्याचे पैसे मेन कॉन्ट्रॅक्टरनं बुडवले तर तो थेट मालकाच्या घरावर बोजा चढवतो?"

"हो ना. काय अन्याय आहे बघ."

पलीकडे शांतता पसरली. लाइन गेली की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"दाजी," तो म्हणाला, "तिकडच्या व्हिसाला साधारण काय काय कागद लागतात हो?"

त्याच्या बाणेरच्या साइटची कथा मी आजवर जेवणानंतर, डोळे मिटता मिटता ऐकली होती. आता ती जागेपणी ऐकावी लागली. बिल्डरनं दिलं की मेन कॉन्ट्रॅक्टर देणार. तोवर रनिंग बिलावर सही नाही. सही झाली तर त्यातले काही टक्के रिटेन्शन म्हणून कापलेले, ते वर्षभरानं मिळणार; आणि वर्षभरानं तो इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला, नवा म्हणणार मापं परत घ्या. टाइल लागून गेलेली, तिच्यावर लोक राहायला आलेले, त्यांच्या वास्तुशांतीही झालेल्या. मिस्त्री मात्र दर शनिवारी संध्याकाळी याच्या दारात. त्याला कुणी सांगायचं, की वरून आलं की देतो?

"आपल्याकडे असं काहीच नाही का?" मी विचारलं. आपल्याकडचा कायदा इतका मागे असेल असं मला वाटत नव्हतं.

"आहे ना. आमच्या वकिलानं वाचून दाखवलंय." १८७२ च्या आपल्या करार कायद्यात कलम १७० आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर ज्यानं कसब किंवा मेहनत खर्च केली तो, मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःजवळ ठेवू शकतो. कायद्यातच उदाहरण दिलंय: जवाहिऱ्याकडे हिरा दिला, त्यानं पैलू पाडले, तर पैसे मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडे. "पण ते हातातल्या वस्तूचं झालं. माझी टाइल एकदा भिंतीला बसली की भिंत बिल्डरची. हिरा अडवून ठेवता येतो दाजी, पंधराव्या मजल्यावरची बाथरूम कुठं ठेवू? मग कोर्टात वसुलीचा दावा लावायचा आणि नातवाला तारखा सांगून ठेवायच्या."

त्याला हुरूप यावा म्हणून मी वकिलाकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट सांगितली. मालकाकडून आले तरच देणार, नाहीतर देणं लागतच नाही, असं कलम इकडचे कॉन्ट्रॅक्टरही करारात घालायचे. १९९७ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते उडवून लावलं. लीनचा हक्क घटनेनं दिलेला, तो असल्या कलमानं मागच्या दारानं काढून घेता येणार नाही, असं ठरलं. मेहुण्यानं मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि आतल्या खोलीतून बायकोला बोलावून तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मला सहानुभूती हवी होती. ती त्या घरात भरपूर होती, पण सगळी टाइलवाल्याच्या वाट्याला गेली.

"भिंतीचं काय म्हणतोय तो? वाकडी? बघू. दोरा आणा. आणि एखादा जडसा नट."

पुढला अर्धा तास मी बाथरूममध्ये होतो. हिनं फोन धरला होता. मी स्टुलावर उभा राहून छताशी एक खिळा पकडला होता, खिळ्याला शिवणाच्या डब्यातला दोरा आणि दोऱ्याला मुलाच्या सायकलचा नट. हा आमचा ओळंबा. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मेहुणा आमटीभात कालवत हुकूम देत होता. "हलवू नका. थांबू द्या त्याला. आता पट्टी लावा वर. किती? खाली लावा. किती?" वर दोरा टाइलपासून एका बोटावर होता, खालीही एका बोटावर. "टाइल ओळंब्यात आहे. आता टाइल संपते त्या कडेला या. तिथं मागच्या भिंतीपासून मोजा." तिथं वर मसाला जेमतेम पाव इंच होता आणि खाली जवळजवळ पाऊण. "बघा. भिंत बाहेर झुकलीय. सुतारानं वाकडी उभी केली, यानं मसाल्यात सरळ केली. आता नाणं घ्या आणि टाइल वाजवा. कोपऱ्यात वाजवा, मध्ये नको." मी पाव डॉलरचं नाणं घेऊन भिंतभर टकटक करत फिरलो. कुठंही पोकळ आवाज आला नाही. "दाजी," मेहुणा हात धुऊन येत म्हणाला, "हा माणूस माझ्याकडे कामाला असता तर मी त्याला सोडला नसता. आणि छतापर्यंत डॅडो? कोनाड्यांना पण कडा मिटर करून मारल्यात. हे सगळं धरून किती म्हणालात? स्वस्तात सुटलात."

हिनं फोन बंद केला आणि विचारलं, "छतापर्यंत करायचं आपलं ठरलं होतं?"

"कलेकलेनं ठरत गेलं," मी म्हणालो.

मध्यस्थीची कल्पना माझी. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवलं, वडीलकीच्या नात्यानं चार शब्द सुनावले की निम्मे तंटे तिथंच मिटतात, हे आपल्या मातीतलं शहाणपण. शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये टेबल मांडलं, पोहे केले, चहा केला आणि निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून स्वतःची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. कॉन्ट्रॅक्टर फाइल घेऊन आला. टाइलवाला एक शाळकरी वही घेऊन आला. पोहे दोघांनाही आवडले. तेवढ्यापुरती मध्यस्थी यशस्वी झाली.

कॉन्ट्रॅक्टरनं करार उघडला. डॅडो चार फुटांपर्यंत. कोनाडा शून्य. "माझं त्याच्याशी एवढंच ठरलं होतं. याच्यावर त्यानं बिल लावलंय ते मी का द्यायचं? आणि मला कुणी काही सांगितलेलं नाही."

टाइलवाल्यानं वही उघडली. एकेका तारखेपुढे बारीक स्पॅनिश अक्षरांत नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच खूण केलेली होती. त्यानं फोन काढून माझ्यासमोर धरला. भिंतीचा फोटो, बोटानं छताकडे दाखवलेलं, आणि खाली माझा अंगठा. कोनाड्याची आखणी, आणि खाली माझा अंगठा. दुसऱ्या कोनाड्याला मी दोन अंगठे पाठवले होते.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. माझी मधली खुर्ची अशा वेळी फार सोयीची ठरते, दोन्हीकडून सारखीच दिसते.

कायद्याचा माणूस म्हणून मी एक मुद्दा मांडला. घरदुरुस्तीत जास्तीचं काम निघालं तर ते सुरू करण्याआधी लेखी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी व्हायला हवं, असं कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो. इथं सही कुठं आहे? कॉन्ट्रॅक्टरनं शांतपणे सांगितलं, की त्याच कायद्यात पुढे असंही आहे, लेखी नसलं तरी दुसऱ्याच्या मेहनतीवर कुणी फुकट लाभ उठवू नये म्हणून कोर्ट पैसे देववू शकतं. टाइलवाल्यानं कायदा काढलाच नाही. तो म्हणाला, नको असेल तर मी वरचे चार फूट काढून नेतो. घरातून हिचा आवाज आला, "एक टाइल हलता कामा नये!" खटला तिथंच निकाली निघाला.

भिंत सरळ करण्याचे १,३०० कॉन्ट्रॅक्टरनं कबूल केले, मेहुण्यानं मापं घेतली होती हे कळल्यावर. उरलेले ३,५०० माझे. पण आता ते पैसे कुणाच्या हातात द्यायचे यावर पुन्हा जुंपली. काम माझ्या साइटवरचं, पैसे माझ्याकडून जायला हवेत, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणे. तुझ्याकडून आलेले पैसे बघायला मी अजून जिवंत राहीन का, असं टाइलवाला म्हणे. अखेर त्या न वाचलेल्या पानावरचाच उपाय उपयोगी पडला: दोघांच्या नावानं एकच चेक. दोघांनी मागे सह्या केल्याशिवाय तो वटत नाही. कॉन्ट्रॅक्टरनं माझ्या पेननं सही केली आणि ते पेन खिशाला लावून नेलं. ते मी खर्चात धरलेलं नाही.

कागदाचं मात्र शिकण्यासारखं आहे. हक्क सोडल्याचे कॅलिफोर्नियात चार ठरावीक नमुने आहेत. कामाच्या मधल्या हप्त्याला दोन आणि शेवटच्या पैशांना दोन. त्या प्रत्येकात एक कंडिशनल, म्हणजे पैसे प्रत्यक्ष मिळाले तरच हक्क सुटेल; आणि एक अनकंडिशनल, म्हणजे मिळाले, सुटला, आता तक्रार नाही. टाइलवाल्यानं चेक घेताना पहिला दिला. मी दुसरा मागितला तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चेक वटल्यावर देतो म्हणाला. वटल्यावर दिला, आणि रेकॉर्डरकडे जाऊन लीन सोडल्याची नोंदही करून आला. गोड आवाजाच्या बाईचा फोन आला तेव्हा व्याजाचे दर परत वर चढले होते.

पुढे कधीतरी मेहुण्याचा मेसेज आला. कोथरूडच्या बाथरूमचं बिल, फोटोसकट. खाली लिहिलं होतं, "दाजी, सहज. हिशेब लिहिताना सापडलं."

मी त्याला नीट समजावून सांगितलं. तिकडचा कायदा तिकडे, इकडचा इकडे. भारतात भिंतीला लागलेल्या टाइलवर कामगाराचा हक्क उरत नाही, हे तूच मला सांगितलंस. कलम १७० फक्त ताब्यातल्या वस्तूला लागू. घाई काय, पुढच्या भेटीत बघू.

"बरोबर," तो म्हणाला. "तुमच्या आईंनी दिवाळीची भाजणी भाजून दिली होती. मी गिरणीतून दळून आणलीय. परवा तिकडे येणाऱ्या माणसाबरोबर द्यायची होती. पाच किलोचा डबा सध्या माझ्याकडे आहे. ताब्यात."

मी म्हणालो, कायद्यानं त्या वस्तूवर जे काम केलं तेवढ्याचीच मजुरी धरता येते. भाजणीवर फक्त दळणाची. बाथरूमचा संबंध नाही.

"मान्य. मग दळणाचे द्या आणि डबा घ्या," तो म्हणाला. "ताईला तसं कळवू ना?"

त्याच रात्री मी बाथरूमचं बिल चुकतं केलं, दळणासकट. सगळे पैसे मिळाल्याची पावती मागितली. तो म्हणाला, "सध्या कंडिशनल पाठवतो दाजी. खात्यात जमा झाले की अनकंडिशनल."